दोनशे पत्रिका आणि एक पैज

जन्मपत्रिकेतली बारा घरांची आकृती मराठी वाचकाला ओळखीची आहे. पाचव्या घरावरून बुद्धी आणि विद्या पाहावी, बुधाचे बळ तपासावे, चंद्र बिघडला आहे का ते बघावे, असे ज्योतिषाचे जाणकार सांगतात. हे विधान पत्रिकेतल्या इतर अनेक विधानांपेक्षा वेगळे आहे, कारण ते तपासता येते. ‘येता काळ संमिश्र जाईल’ हे भाकीत कधीच चुकत नाही आणि म्हणूनच त्याचा पडताळाही घेता येत नाही. मूल हुशार आहे की नाही, हे मात्र पत्रिकेखेरीज अन्य मार्गानेही कळू शकते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2001 मध्ये विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचे ठरवले, तेव्हा देशातल्या अनेक वैज्ञानिकांनी आक्षेप घेतला. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर त्यांपैकी एक. पुढे 2008 मध्ये त्यांनी संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांच्यासह पुण्यात एक चाचणी आखली. 100 हुशार विद्यार्थी आणि बौद्धिक अक्षमता असलेली 100 मुले यांचे जन्मतपशील मिळवून 200 पत्रिका तयार केल्या गेल्या आणि प्रत्येकीला सांकेतिक क्रमांक देण्यात आला, जेणेकरून कोणती पत्रिका कोणत्या गटातली, हे उत्तर देणाऱ्याला कळू नये. ज्योतिषाला समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून, कपड्यांवरून, प्रश्न विचारण्याच्या ढंगावरून जे समजते, ते सारे येथे बंद झाले. उरले ते केवळ ग्रह.

चाचणीत भाग घेणाऱ्याला या संचातून 40 पत्रिका मिळत, आणि प्रत्येकीपुढे त्याने दोनपैकी एक गट लिहायचा होता. डोळे मिटून लिहिले तरी सरासरी 20 उत्तरे बरोबर येणार, हे उघड आहे. म्हणून किमान 28 उत्तरे, म्हणजे 70 टक्के, बरोबर आली तरच यश मानायचे, असे ठरवण्यात आले. निव्वळ योगायोगाने तेवढी मजल गाठण्याची शक्यता हजारात सुमारे आठ इतकीच असते. माझ्या मते या चाचणीचा खरा कणा येथे आहे. हार कशाला म्हणायचे, हे आधीच लिहून ठेवले होते, आणि एवढी जोखीम पत्करायला अंधश्रद्धा सहसा तयार नसते.

51 ज्योतिषांनी पत्रिका मागवल्या आणि 27 जणांनी उत्तरे पाठवली. 28 चा आकडा कोणालाच गाठता आला नाही. सर्वाधिक गुण 24 होते, आणि सर्वांचे मिळून बरोबर उत्तरांचे प्रमाण 46 टक्के भरले. 24 हा आकडा वरवर पाहता बरा वाटतो, परंतु 27 माणसांनी प्रत्येकी 40 वेळा नुसते नाणे उडवले असते, तरी त्यांतल्या तीन-चार जणांना तेवढे किंवा त्याहून अधिक गुण मिळाले असते. ज्योतिषाच्या एका संस्थेने सगळ्या 200 पत्रिका अभ्यासासाठी घेतल्या होत्या. तिची 102 उत्तरे बरोबर आली. हे निष्कर्ष 2009 मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या चाचणीने ज्योतिषाचा प्रत्येक दावा खोडला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण तपासला गेला तो एकच दावा, तोही ठरावीक संख्येच्या पत्रिकांवर. कोणी अधिक पत्रिका घेऊन, अधिक काटेकोर नियमांनी वेगळा निकाल दाखवला, तर वैज्ञानिकांना आपले मत बदलावे लागेल. अशा चाचण्यांवर हमखास येणारा आक्षेप मात्र निराळा असतो: मुलांच्या जन्मवेळाच अचूक नसतील. तो मान्य करायचा, तर प्रसूतिगृहातल्या घड्याळाकडे पाहून टिपलेल्या वेळेवर बेतलेली आणि लग्न जुळवताना दोन्ही घरांत प्रमाण मानली जाणारी प्रत्येक पत्रिकाही त्याच आक्षेपाखाली येते.