हळदीचा डाग साबणाने लाल का होतो? आणि सांगलीतले आणखी काही प्रश्न

[दृश्य : सकाळ. सांगलीतल्या एका घराचं परसदार. धुण्याचा दगड, बादली, पांढरा हातरुमाल.]

पांढऱ्या रुमालावर आमटी सांडलीय. रुपयाएवढा पिवळा डाग. त्यावर कपड्याचा साबण घासूया. एकदा, दोनदा... बघा. डाग तांबडा झाला. विटेच्या रंगाचा.

हे तुम्हीही पाहिलंय. लहानपणी मी घाबरून आजीला विचारलं होतं, "आज्जी, रक्त कुठनं आलं गं?" आजी धुणं पिळता पिळता म्हणाली, "रक्त न्हाई बाळा, हळद हाय. असतंय तसंच."

असतंय तसंच. आमच्या सांगलीत निम्म्या प्रश्नांना हे उत्तर मिळतं. उत्तर देणाऱ्याच्या हाताला काम असतं, त्याला तेवढा वेळ नसतो. आज मात्र आपल्याकडे वेळ आहे.

हळदीचा पिवळा रंग म्हणजे कुर्कुमिन. १८१५ साली फोगल आणि पेलेतिए या दोन शास्त्रज्ञांनी ते हळदीतून पहिल्यांदा वेगळं काढलं. या कुर्कुमिनची एक खोड आहे. आंबट किंवा साध्या पाण्यात ते पिवळं राहतं, पण चुना-सोड्यासारखा क्षार, म्हणजे अल्क, लागला की त्याच्या रेणूची घडण बदलते आणि ते तांबडं दिसायला लागतं. कपड्याचा साबण क्षारयुक्त असतो. म्हणून ही वीट. आता यावर लिंबाची फोड पिळूया... गेला तांबडेपणा. पुन्हा पिवळा. प्रयोगशाळेत आम्ल आणि अल्क ओळखायला हळदीचा कागद वापरतात, तो याच खोडीवर चालतो.

आजीला हे ठाऊक नव्हतं असं मला आता म्हणवत नाही. पाय मुरगळला की ती वाटीत हळद आणि चुना कालवायची. हळद पिवळी, चुना पांढरा, आणि लेप तांबडा. तो तांबडा झाला की मगच ती घोट्याला लावायची. "रंग आला बघ," म्हणायची. कुर्कुमिन आणि क्षार रोज तिच्या बोटांखाली एकत्र येत होते.

कुंकवाचं थोडं निराळं आहे. हळकुंडापासून कुंकू करायच्या जुन्या रीतीत लिंबाचा रस आणि टाकणखार लागतो. आता लिंबू तर आंबट. त्यानं हळद लाल व्हायला नको. ती लाल करतो टाकणखारातला बोरॉन. आंबटपणाच्या मदतीनं तो कुर्कुमिनला धरून बसतो आणि लाल संयुग तयार होतं. साबणाचा तांबडा रंग लिंबानं जातो. कुंकवाचा रंग लिंबाच्याच साथीनं येतो.

[दृश्य : स्वयंपाकघर. पातेल्यात कटाच्या आमटीवर पिवळा तवंग. ओट्यावर पिवळा पडलेला प्लॅस्टिकचा डबा.]

आमटीवरचा तवंग जास्त पिवळा आणि खालचं पाणी फिकं, असं का? कुर्कुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून नुसत्या पाण्यानं डाग हलत नाही. प्लॅस्टिकचा डबा एकदा पिवळा झाला की घासून घासून हात दुखतात, तेही त्याचमुळे. तेलकट रंग प्लॅस्टिकच्या आत शिरून बसतो. आणि हा रंग असतो तरी किती? शंभर ग्रॅम हळदीत कुर्कुमिन साधारण दोन ते पाच ग्रॅम. तेवढ्यावर अख्खं पातेलं पिवळं होतं. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होण्याची म्हण ज्यानं केली, त्यानं आधी हळद नीट पाहिली असणार.

मग डाग घालवायचा कसा? आजीचं उत्तर ठरलेलं : "उन्हात टाक की, जातंय आपोआप." आपण हा रुमाल स्वच्छ धुऊन मधोमध दुमडूया. डागाचा निम्मा भाग वर, निम्मा घडीच्या आत. वर दगड ठेवूया आणि पुढं निघूया. संध्याकाळी येऊन बघू.

[दृश्य : मार्केट यार्ड. हळदीची पोती, सौदे चालू आहेत. एक हमाल पोत्यातून हळकुंड काढून मोडतो.]

सांगलीच्या यार्डातली ही हळद. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. इथं हळकुंड मोडून बघतात. कट्‌ आवाज आला आणि आत गडद केशरी दिसलं की माल बोलतो.

बाजारातलं हळकुंड कुंडीत लावलं तर उगवत का नाही, हा बऱ्याच जणांनी करून फसलेला प्रयोग. ते शिजवलेलं असतं. शेतातून निघालेली ओली हळद पाण्यात किंवा वाफेवर शिजवतात, मग वाळवतात, मग पॉलिश करतात. शिजताना आतला स्टार्च फुगून चिकट होतो, रंग सगळीकडे सारखा पसरतो, वाळायला दिवस कमी लागतात. कोंब मात्र मरतो.

आणि हळदीचं बी? तिला फुलं येतात, पण बी सहसा धरत नाही. बहुतेक वनस्पतींत गुणसूत्रांचे दोन संच असतात, हळदीत तीन. दोनाची जोडी जमते, तिसरा एकटा पडतो, त्यामुळे बी तयार होण्याचं गणितच बसत नाही. म्हणून अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला शेतकरी गड्डेच लावतो. हळदीचं प्रत्येक रोप आधीच्या गड्ड्याचाच तुकडा असतं. शेकडो वर्षं माणसांनी हातानं पुढं नेलेलं हे पीक आहे. माणसानं लावणं सोडलं, तर शेतातली ही हळद नव्या ठिकाणी आपण होऊन जाणार नाही.

[दृश्य : हरिपूर. कृष्णा-वारणेचा संगम. पुढे शेताडीत जमिनीलगत एक गोल तोंड, वर माती.]

हरिपुरात आलोय. सांगलीपासून अगदी जवळ. इथं कृष्णेला वारणा मिळते. आणि इथल्या मातीत हळदीची पेवं होती.

पेव म्हणजे जमिनीत खोदलेली कोठी. तोंड एक माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं. पंधरा-वीस फूट खोल, काही त्याहून जास्त. आत पाला आणि बोऱ्या लावायच्या, हळद भरायची, तोंड मातीनं बंद करायचं. मग ती हळद वर्षानुवर्षं तशीच राहायची. किडत नव्हती.

जमिनीत पुरलेली गोष्ट कुजते, ही का कुजत नव्हती? कारण आत हवा कोंडलेली. किडे आणि बुरशी आतला प्राणवायू वापरून टाकतात, कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि मग त्यांनाच जगता येत नाही. वरून ऊन नाही, म्हणून रंगही उतरत नाही. पण त्याच कारणानं पेव माणसालाही घातक. उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नसे. तोंड काही तास मोकळं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं. जळत राहिला, तर उतरायचं. त्या कंदिलाकडे बघत तोंडाशी उभ्या राहिलेल्या माणसाचा मला फार आदर वाटतो. आतल्या वायूचं नाव त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"क्लासेसचं पेव फुटलंय", "वाहिन्यांचं पेव फुटलंय", असं आपण सहज म्हणतो. ते हेच पेव. बंद तोंड उघडलं की आतला मोठा साठा बाहेर निघायचा.

२००५ च्या महापुरात या पेवांत पाणी शिरलं. वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली हळद भिजली, पेवं ढासळली. आज माल बहुतेक गोदामांत आणि शीतगृहांत असतो.

[दृश्य : आयर्विन पूल. पाण्याची पातळी मोजायची पट्टी जवळून.]

पावसाळ्यात सांगलीत फोन उचलला की "हॅलो"च्या आधी प्रश्न येतो : "आयर्विनला किती झालं?" कृष्णेवरचा १९२९ सालचा हा पूल. इथं चाळीस फुटांवर इशारा पातळी, पंचेचाळीसवर धोका. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ ला ५७ च्याही वर.

आणि दर वर्षी लहान मुलं विचारतात : इथं तर ऊन पडलंय, मग पाणी का चढतंय? सांगलीचा पूर सांगलीत पडत नाही. तो महाबळेश्वर, कोयना, वारणेच्या खोऱ्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर पडतो आणि चालत आपल्याकडे येतो. कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते, तिथून पुढं तो आपलाच. उतरायला वेळ लागतो त्याचंही कारण आहे. खाली हरिपूरला वारणा, त्याखाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. त्या दोघी भरून वाहत असल्या की कृष्णेला पुढं सरकायला जागा मिळत नाही, पाणी मागं फुगतं. त्याला इथं फुगवटा म्हणतात.

बातम्यांत रोज "टीएमसी" ऐकतो. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २,८३१ कोटी लिटर. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी. आता "धरण नव्वद टक्के भरलं", म्हणजे पाणी सोडायची वेळ जवळ आली, हे ऐकताना पोटात गोळा का येतो, ते बाहेरगावच्या माणसालाही कळेल.

[दृश्य : तासगाव परिसर. बेदाणा शेड, जाळीवर पसरलेली द्राक्षं.]

जाता जाता तासगाव. द्राक्षावर पांढुरकी भुकटी दिसते, ती सगळी औषधाची नसते. द्राक्ष स्वतःच मेणाचा पातळ थर धरतं, आतलं पाणी उडू नये म्हणून. त्यामुळेच नुसतं द्राक्ष लवकर वाळत नाही. बेदाणा करताना ते पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, मेणाचा थर सैल होतो, मग जाळीवर सावलीत वाळवतात. सावलीमुळे हिरवा राहतो. उन्हात तोच काळसर होतो.

[दृश्य : मिरज, सतारमेकर गल्ली. लाकडाचा भुसा, भिंतीला टांगलेले भोपळे. कारागिराचे हात, कानस.]

आता मिरज. इथं मला थोडं थांबायचंय.

एकोणिसाव्या शतकात मिरजेच्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारं घडवणाऱ्या आणि त्यांना धार लावणाऱ्या घराण्यांनी, सतारी आणि तंबोरे करायला घेतले. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं आद्य नाव. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, भीमाकाठचा. खायचा नव्हे, कडू. जाड सालीचा, वाळला की लाकडासारखा टणक आणि तरी हलका. तार एकटी फार थोडी हवा हलवते. तिची थरथर घोडीतून, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीतून, तबलीत, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणात, आणि तिथून पोकळ भोपळ्यात उतरते, तेव्हा ती खोलीभर ऐकू येते.

पण खरा प्रश्न वेगळा. तंबोऱ्याला तारा चार. एक पंचम, म्हणजे प. दोन जोड, म्हणजे मधला सा. एक खर्ज, म्हणजे खालचा सा. मग गाणाऱ्यांना त्यात गंधार, म्हणजे ग, कसा ऐकू येतो? गंधाराची तार तर लावलेलीच नाही! ते त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

कॅमेरा घोडीवर आणा. अजून जवळ. ही घोडी वरून सपाट दिसते, पण तिला अगदी पुसट उतार आहे. सतारीत किंवा तंबोऱ्यात तार घोडीला एका बिंदूवर टेकत नाही. थरथरताना ती त्या उतारावर क्षणोक्षणी टेकते आणि उचलते. त्या टेकण्यानं मूळ स्वरासोबत त्याचे दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे स्वर जागे होतात. खर्जाच्या पाचपट कंपनांचा स्वर म्हणजेच वरचा गंधार. तो खर्जाच्या पोटात आधीपासून असतो. घोडी त्याला बोलकं करते.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली कलकत्त्यात वीणा आणि तंबोऱ्याच्या तारांवर संशोधन प्रसिद्ध केलं. तार जिथं छेडाल, तिथं ज्या उपस्वरांची स्थिर जागा असते ते उपस्वर उमटू नयेत, असा जुना नियम. मधोमध छेडली तर दुप्पट कंपनांचा स्वर गप्प राहायला हवा. आपल्या वाद्यांत तो गप्प राहत नाही, हे रामन यांनी दाखवलं आणि त्याचं कारण घोडीच्या आकारात शोधलं.

हे कारागीर आता काय करतायत बघा. कानशीनं घोडीवरून एकच हलका हात फिरवला. तार छेडली. मान हलवली. परत एक हात. याला जवारी काढणं म्हणतात. शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवतात, केसभर पुढं, केसभर मागं. मी विचारलं, "काका, कुठं थांबायचं ते कसं कळतं?" ते म्हणाले, "थांबा, ऐका."

[तंबोऱ्याचा आवाज. दहा सेकंद निवेदन नाही.]

आता आला. तोच दोरा, तीच तार, आणि खोली एकदम भरून गेली. शास्त्रीय गायक अब्दुल करीम खाँसाहेब याच मिरजेत राहिले. १९३७ साली ते गेले, त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे. दर वर्षी उरुसाला तिथं गाणाऱ्यांचे तंबोरे लागतात, आणि त्यातले बरेच याच गल्लीत घडलेले असतात.

[दृश्य : संध्याकाळ. पुन्हा तेच परसदार. दगडाखाली रुमाल.]

दिवसभर चांगलं कडक ऊन होतं. दगड उचलूया. वरच्या भागातला डाग बघा, नीट शोधल्याशिवाय दिसत नाही. उजेडानं कुर्कुमिन मोडतं. याचमुळे हळदीत रंगवलेलं कापड टिकाऊ रंगाचं ठरलं नाही. आता घडी उलगडते.

आतला निम्मा डाग सकाळी होता तितकाच पिवळा. मधोमध, घडीवर, सरळ रेघ.