दगड तेच, धनी वेगळे

(दृश्य: सोलापूरचा भुईकोट किल्ला, सकाळचं ऊन. कॅमेरा तटबंदीच्या अगदी जवळ.)

तटातला हा दगड जरा नीट बघा. आजूबाजूचे दगड साधे, घडवलेले. यावर मात्र वेलबुट्टी आहे, आणि ती आडवी असायला हवी होती, इथे उभी बसली आहे. चार हात पुढे गेलं की मूर्तीचा तुकडा दिसतो. हे दगड तटासाठी कोरलेच नव्हते. ते आले जुन्या देवळांतून. बहामनी काळात किल्ला उठला, तेव्हा हाताशी होतं ते सामान गवंड्यांनी भिंतीत बसवलं. आतल्या बाजूला तर एका जुन्या देवळाचे अवशेषच खोदकामात निघालेत.

सोलापूरची स्मारकं बघायची तर ही एक गोष्ट ध्यानात ठेवून बघावीत. इथली प्रत्येक वास्तू एकदा बांधली गेली, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्याच कामाला लागली.

(दृश्य: दुहेरी तट, खंदक, पलीकडे तलावाचं पाणी.)

हा किल्ला डोंगरावर नाही. सपाट जमिनीवर आहे, म्हणून भुईकोट. उंचीचा आधार नसल्यानं दुहेरी तट, भोवती खंदक आणि एका अंगाला सिद्धेश्वर तलाव. सोळाव्या शतकात विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांच्या सीमेवर तो नेमका अडकला. दोन्ही घराण्यांत सोयरीक झाली, मुलीबरोबर सोलापूर आंदण द्यायचं ठरलं. दिलं नाही. त्यावरून लढाया पेटल्या त्या कैक वर्षं. पुढे निजामशहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली, आणि सोलापूर तिच्याबरोबर विजापूरकडे गेलं. अशी नाती जुळल्यावरच १५६५ मध्ये हे सुलतान विजयनगरविरुद्ध तालिकोटला एकत्र उभे राहिले. लग्नात देण्याघेण्यावरून रुसवेफुगवे आपल्याकडेही होतात, पण किल्ल्यावरून झालेला हा रुसवा जरा महागच पडला.

मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या जनरल मन्रोनं किल्ला पेशव्यांकडून घेतला. आज तो केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक म्हणून आहे. शेजारच्या हुतात्मा बागेत दिवसभर गर्दी असते. त्यातले किती जण तट ओलांडून आत येतात, ते एकदा आत येऊनच बघा.

(दृश्य: तलावातून दिसणारं सिद्धेश्वर मंदिर.)

पलीकडे ग्रामदैवत. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर, बसवेश्वरांचे समकालीन. त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत, आणि त्यांची समाधी मंदिराच्या आवारातच आहे. गावाभोवती अडुसष्ट लिंगं त्यांनी स्थापली आणि लोकांच्या श्रमातून तळं खोदवलं, असं परंपरा सांगते. आम्हाला विचाराल तर या शहरातलं सगळ्यात शहाणं बांधकाम म्हणजे हे तळं. माणदेशाच्या उशाला असलेल्या या कोरड्या मुलुखात देवाआधी पाणी लागतं. पुढे त्याच पाण्यानं किल्ल्याची एक बाजू राखली, तो नंतरचा हिशेब.

संक्रांतीला या. गड्ड्याची जत्रा भरते. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी कमरेच्या पट्ट्यावर नंदीध्वजाची उंच काठी पेलत निघतात. अशा सात काठ्या. काठी कलली की पुढचा हात आपोआप पुढे येतो, कुणाला हाक मारावी लागत नाही. संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. हे लग्न सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं, कुंभारकन्येशी. मराठी, कन्नड आणि तेलुगू, तिन्ही भाषा त्या गर्दीत एकमेकींच्या खांद्यावरून डोकावतात.

(दृश्य: चार हुतात्म्यांचे पुतळे. वाहनांचा आवाज चालू राहू द्यावा.)

इथे थांबून चारही नावं वाचा. मल्लप्पा धनशेट्टी. जगन्नाथ शिंदे. श्रीकिसन सारडा. अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. सोलापूरच्या कुठल्याही पेठेत दारावरच्या पाट्या वाचत गेलात तर अशीच आडनावं एकापाठोपाठ लागतील.

६ एप्रिल १९३० रोजी अण्णासाहेब भोपटकरांनी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकवला. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि गिरण्यांतला कामगार रस्त्यावर उतरला. गोळीबार झाला. मग पोलीस शहरातून बाहेर पडले, आणि काही दिवस सोलापूरचा कारभार सोलापूरकरांनीच हाकला. १२ मेला मार्शल लॉ लागला. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवत, वय जेमतेम विशीचं. १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्याला फाशी दिलं.

(दृश्य: इंद्रभुवनचा दर्शनी भाग.)

हे इंद्रभुवन. अप्पासाहेब वारदांनी राहायला बांधलेला वाडा. राजस्थानी, युरोपीय, कुठलीकुठली नक्षी एकाच भिंतीवर गुण्यागोविंदानं नांदते. आता इथे महानगरपालिका आहे. वाड्याच्या जिन्यावर हातात फाईल घेऊन उभा असलेला माणूस वर बघत नाही, त्याला सही हवी असते. तुम्ही मात्र बघा. छताची कड आणि सज्जांखालचे आधार पाहायला दहा मिनिटं काढा.

भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर, आता स्मारक. १९१० साली जन्म सोलापूरचा. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला गेले, आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. चिनी पाहुणे सोलापुरात आले की या घरी येतातच.

जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, या इथल्या कापडगिरण्या. भोंग्यावर चालणारं गाव गेलं, जागांवर आता घरं आणि दुकानं आहेत.

(दृश्य: विजापूर रस्ता. मग भीमा आणि सीना यांचा संगम, हत्तरसंग कुडल.)

शहरातून दक्षिणेला साधारण चाळीस किलोमीटर. भाकरी-शेंगाचटणी बांधूनच निघा, वाटेत फार काही मिळत नाही. उन्हाळ्यात दुपारी तर येऊच नका, दगड पाय ठेवू देत नाहीत.

इथल्या हरिहरेश्वर मंदिराच्या खोदकामात निघालेलं हे शिवलिंग. त्यावर ३५९ मुखं कोरलेली आहेत. मोजायला जाऊ नका, तिसऱ्या ओळीत चुकता. त्यापेक्षा एकच ओळ धरा आणि भोवती फिरा. चेहरे एका साच्यातले नाहीत हे हळूहळू लक्षात येतं.

शेजारी संगमेश्वराचं मंदिर. मान वर करा, तुळईवर बघा. शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख. संशोधक आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. त्यातली मराठी ओळ, ‘वाछि तो विजेया होईवा’. वाचेल तो विजयी होईल. मराठीचा सर्वांत जुना कोरीव लेख कर्नाटकातल्या श्रवणबेळगोळचा, अलिबागजवळच्या अक्षीचा की हा, यावर अभ्यासकांचा वाद आहे, आणि तो चालूच राहील. आपण इतकंच करावं, सकाळचं तिरपं ऊन असेल तेव्हा यावं. तेव्हा अक्षरांच्या कडा सावलीनं उठून दिसतात. दुपारी तोच दगड सपाट वाटतो. अक्षरं दिसावीत म्हणून त्यावर पाणी किंवा खडू अजिबात लावू नका.

नदीपलीकडे कर्नाटक. विजापूर रस्ता पुढे थेट गोल घुमटाकडे जातो, ज्या आदिलशाहीकडे आपला किल्ला लग्नात गेला, तिच्याच राजधानीत. पण ती फिल्म वेगळी करावी लागेल.