निकालाचा लीस्ट काउंट

(बारावी विज्ञान शाखेचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मुलांनो, आणि कामधंदा बाजूला ठेवून आलेल्या आईवडिलांनो,

दोन वर्षांपूर्वी सीईटीचा, म्हणजे इंजिनिअरिंग वगैरेंच्या राज्य प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला त्या संध्याकाळी आमच्या दारात एक गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते. मागे त्यांची मुलगी, माझी विद्यार्थिनी. चप्पल काढता काढताच ते म्हणाले, "सर, पोरीला एक्क्याण्णव टक्के पडले." मुलगी खाली बघत होती. हळूच म्हणाली, "पप्पा, टक्के नाहीत ते. पर्सेंटाइल आहे." वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे काय हो सर? फरक काय पडतो?"

मी त्यांना बसवलं आणि वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. समजा, गटात चार लाख मुलं बसली. एक्क्याण्णव पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली एक्क्याण्णव मुलं हिच्या बरोबरीला किंवा मागे, आणि नऊ पुढे. चार लाखांच्या नऊ टक्के किती? छत्तीस हजार. त्यांनी तो आकडा दोनदा वाचला. "म्हणजे छत्तीस हजार पोरं हिच्या पुढं?" पुडा हातात तसाच होता. मी पेढा घेतला, मुलीलाही दिला. दोन वर्षं ती पहाटे पाचला उठून दिव्याखाली बसत होती, हे मला माहीत होतं.

त्या संध्याकाळी जे चार वाक्यांत सांगितलं, ते आज जरा सविस्तर सांगतो. कारण आपल्या भागात दरवर्षी शेकडो घरांत हाच निकाल चुकीचा वाचला जातो. कुणी उगाच हुरळून जातं, कुणी उगाच खचतं, आणि दोन्ही घरांत पुढचे निर्णय त्याच चुकीच्या वाचनावर होतात.

पंढरपूरची दर्शनबारी तुम्ही पाहिली आहे. बारीत तुमचा नंबर कितवा, एवढंच त्या जागेवरून कळतं. तुम्ही किती कोसांवरून चालत आलात, हे त्यावरून कळत नाही. पर्सेंटाइल हा बारीतला नंबर आहे. किती प्रश्न बरोबर आले, हे तो सांगत नाही. पेपर अवघड निघाला तर १२० गुणांनाही पंच्याण्णवच्या वरचं पर्सेंटाइल येऊ शकतं, सोपा निघाला तर त्याच १२० गुणांवर बरंच खाली यावं लागतं.

मग सरळ गुणच का देत नाहीत? कारण लाखो मुलांना एकाच वेळी बसवण्याइतके संगणक नसतात. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. सकाळचा पेपर अवघड आणि दुपारचा सोपा निघाला तर नुसते गुण शेजारी ठेवणं हा अन्याय होईल. म्हणून प्रत्येक मुलाची तुलना आधी त्याच्याच सत्रातल्या मुलांशी करतात. तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळवणारी मुलं किती, त्याला सत्रातल्या एकूण मुलांनी भागायचं आणि शंभराने गुणायचं. सत्रातल्या पहिल्याला शंभर. २०१९पासून इंजिनिअरिंगच्या देशपातळीवरच्या जेईई मेन परीक्षेला हीच रीत आहे, आपल्या सीईटीलाही हीच. या रीतीच्या पोटात एक गृहीत आहे: प्रत्येक सत्रात हुशार आणि साधारण मुलं सारख्याच प्रमाणात वाटली गेली आहेत. हजारो मुलं असली की ते बऱ्यापैकी खरं ठरतं. अगदी तंतोतंत खरं ठरेलच, असं नाही.

आता मी ज्यासाठी आलो तो मुद्दा. अकरावीला पहिल्याच प्रॅक्टिकलला तुम्ही व्हर्नियर कॅलिपर हातात घेतलं. त्याचा लीस्ट काउंट, म्हणजे त्याने मोजता येणारं सर्वांत लहान माप, किती? (समोरून उत्तर: ०.०१ सेंटिमीटर.) बरोबर. त्या कॅलिपरने गोळीचा व्यास मोजून कुणी ०.९८४१३२७ सेंटिमीटर लिहिला, तर मी जर्नलमध्ये त्यावर लाल गोल करतो. का? कारण शेवटचे पाच आकडे त्या साधनाने पाहिलेलेच नाहीत. सार्थ अंक म्हणजे साधनाला जेवढं दिसलं तेवढंच लिहिणं.

आता तुमचं स्कोअरकार्ड बघा. ९१.४२०६३१७. दशांशानंतर सात आकडे! हे सात आकडे पाहून घरातल्या माणसांना वाटतं, केवढं काटेकोर मोजलंय. पण साधन कोणतं? दोनशे गुणांचा पेपर. भौतिक आणि रसायनचे पन्नास-पन्नास प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे पन्नास प्रश्न दोन-दोन गुणांचे, उणे गुण नाहीत. म्हणजे शून्य ते दोनशे, एकूण २०१ निकाल शक्य आहेत. सत्रात वीस हजार मुलं बसली तर एकेका गुणावर सरासरी शंभर मुलं उभी. मधल्या गुणांवर त्याहून कितीतरी दाट गर्दी. समजा, १०४ गुणांवर दोनशे मुलं आहेत. वीस हजारांत दोनशे म्हणजे एक टक्का. १०४ आणि १०५ यांच्यात एका गुणाचं अंतर, पण पर्सेंटाइल एक पूर्ण अंकाने हलतं. राज्यभरची चार लाख धरली तर ते अंतर चार हजार नंबरांचं. गणिताचा एक प्रश्न दोन गुणांचा, म्हणजे एका प्रश्नावर सात-आठ हजार नंबर इकडचे तिकडे.

सात दशांश ठेवले आहेत ते वेगवेगळ्या सत्रांतल्या मुलांना एका यादीत लावताना बरोबरी कमी व्हावी म्हणून. यादी लावायला ते उपयोगी आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कुणाच्या भौतिकशास्त्राच्या समजेत पाचव्या दशांशाचा फरक कोणताही पेपर मोजू शकत नाही. शेजारच्या मुलापेक्षा आपलं पोर अर्ध्या पर्सेंटाइलने मागे राहिलं म्हणून जेवणाच्या ताटावर त्याला बोलणाऱ्या आईवडिलांना मी हात जोडून सांगतो, तुम्ही लीस्ट काउंटच्या खालचं वाचताय.

एका प्रश्नाने काय होतं, याचं सगळ्या देशाने पाहिलेलं उदाहरण २०२४चं आहे. त्या वर्षीची नीट, म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा, ५ मे रोजी झाली, निकाल ४ जूनला लागला, आणि ७२०पैकी ७२० घेणारे ६७ निघाले. पेपरफुटी आणि वाढीव गुण यांचा गदारोळ तुमच्या लक्षात असेल, त्यात मी शिरत नाही. मला त्यातला भौतिकशास्त्राचा एक प्रश्न तुमच्यासमोर ठेवायचा आहे. दोन विधानं होती. पहिलं, अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो, कारण त्यात धन आणि ऋण प्रभार सारखे असतात. दुसरं, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. पहिलं बरोबरच आहे. दुसऱ्याचं काय? (समोरून उत्तर: चूक.) का चूक? (उत्तर: रेडिओअ‍ॅक्टिव्ह मूलद्रव्यं.) शाब्बास. युरेनियम, रेडियम यांचे अणू स्थिर कुठे असतात? पण एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत ते वाक्य 'प्रत्येक मूलद्रव्या'बद्दलच छापलेलं होतं. नंतरच्या आवृत्तीत 'बहुतेक मूलद्रव्यं' अशी दुरुस्ती झाली. ज्याच्याकडे थोरल्या भावाचं किंवा ताईचं पुस्तक होतं, त्याने पुस्तकातलंच उत्तर लिहिलं. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाच्या सांगण्यावरून दिल्ली आयआयटीच्या तीन तज्ज्ञांनी प्रश्न तपासला आणि एकच उत्तर बरोबर ठरवलं. सुमारे ४ लाख २० हजार मुलांचे चार गुण गेले आणि वर एक उणे झाला, म्हणजे पाच गुण. पूर्ण गुणवाले, वाढीव गुण मिळालेल्यांच्या फेरपरीक्षेनंतर, आधीच ६१वर आले होते. या एका प्रश्नाने त्यातले ४४ गळाले, राहिले १७.

विज्ञान म्हणून तज्ज्ञांचा निर्णय बरोबर होता, मीही तोच दिला असता. पण त्या चव्वेचाळीस मुलांचं भौतिकशास्त्र जुलैच्या एका आठवड्यात कच्चं झालं का? घरात जुनं पुस्तक होतं, एवढंच झालं. मी स्वतः कित्येक वर्षं दरवर्षी जूनमध्ये जुनी पुस्तकं गोळा करून गरजू मुलांना वाटतो. त्या बातमीनंतर मी प्रत्येक पुस्तकाची आवृत्ती तपासून मगच देतो.

आता ज्यांना इंजिनिअरिंग नको, डॉक्टरकी नको, ज्यांना विज्ञानच शिकायचंय, त्यांच्याशी बोलतो. या सभागृहात अशी मुलं आहेत, फक्त घरी बोलायला घाबरतात.

तुमच्यासाठी तीन परीक्षा वेगळ्या आहेत. पहिली आयसरची, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्थांची, तिला आयएटी म्हणतात. पुणे आणि कोलकाता इथली आयसर २००६ची, मग मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि ब्रह्मपूर, अशा सात संस्था. पाच वर्षांची बीएस-एमएस पदवी. पुण्याची आयसर पाषाणला आहे, एकदा बाहेरून तरी बघून या. पूर्वी केव्हीपीवाय ही शिष्यवृत्ती परीक्षा आणि आयआयटीची जेईई अ‍ॅडव्हान्स्ड यांतूनही तिथे जाता यायचं, आता रस्ता आयएटीचाच. साठ प्रश्न, जीव, रसायन, गणित, भौतिक प्रत्येकी पंधरा, तीन तास, २४० गुण. बरोबरला चार, चुकीला उणा एक. इथे आपली मुलं अडखळतात. अकरावीला पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) घेऊन बायोलॉजी सोडलेली असते किंवा पीसीबी (भौतिक, रसायन, जीव) घेऊन गणित, आणि पेपरात पंधरा प्रश्न परक्या विषयाचे. ते सगळे सोडून यायचं नसतं. पेशी, आनुवंशिकता, परिसंस्था एवढं नीट वाचलं तरी त्यातले काही हाताला लागतात.

दुसरी नेस्ट. तिच्यातून मूलभूत विज्ञानाच्या दोन संस्थांत, भुवनेश्वरजवळच्या नायझरमध्ये आणि मुंबईत कालिन्याला मुंबई विद्यापीठाच्या आवारात असलेल्या सीईबीएसमध्ये, जाता येतं. दोन्ही अणुऊर्जा विभागाशी जोडलेल्या. कालिन्याची संस्था आपल्या राज्यात असून आपल्याच मुलांना तिचं नाव माहीत नसतं, याचं मला खरोखर वाईट वाटतं. तिसरी सीयूईटी, केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा, २०२२पासूनची, दिल्ली विद्यापीठ किंवा बनारस हिंदू विद्यापीठात बीएस्सीला जायचं असेल तर. ती मराठीतूनही देता येते. विद्यापीठ कोणते विषय मागतं ते बघूनच फॉर्ममध्ये विषय निवडा, नाहीतर चांगले गुण हातात राहून दार बंद मिळतं.

या सगळ्यांचे फॉर्म बारावीच्या निकालाची वाट बघत नाहीत. नेमके बोर्डाच्या परीक्षेच्या आगेमागेच भरायचे असतात. पेढे घेऊन आलेल्या त्या मुलीला नेस्टबद्दल मी मार्चमध्ये सांगायला हवं होतं. तिने आयएटी दिली होती, नंबर थोडक्यात हुकला. नेस्टचा फॉर्मच भरलेला नव्हता. माझ्या डोक्यात तेव्हा प्रॅक्टिकलचे गुण भरायचे होते, आणि ते राहून गेलं. आज अकरावीची मुलं पुढच्या रांगांत बसवा असं मी आयोजकांना मुद्दाम सांगितलं, ते याच्यासाठी.

तिने इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा एकही फॉर्म भरला नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी साध्या महाविद्यालयात बीएस्सीला प्रवेश घेतला, बारावीच्या गुणांवर, जसा आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मिळतो. वडील महिनाभर गप्प होते. गेल्या दिवाळीत ती जर्नल घेऊन आली. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण काढलं होतं आणि उत्तरापुढे स्वतःहून लिहिलं होतं, ९.८ अधिक-उणे ०.१. मला म्हणाली, "सर, चूक किती असू शकते ते पण लिहायचं असतं ना?" तिच्या शिक्षकांनी अजून ते शिकवलेलंही नव्हतं.

तिच्यासारख्यांना दारं पुढेही आहेत. बीएस्सीनंतर जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सीला जाता येतं. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा कार्यक्रम पदवीच्या मुलांसाठीच आहे, त्याची शिबिरं होतात. आणि इन्स्पायर शिष्यवृत्ती. मूलभूत विज्ञानाला जाणाऱ्या मुलांपैकी जी आपापल्या बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात आहेत, त्यांच्यासाठी योजनेत वर्षाला ८० हजार रुपये ठरवलेले आहेत. आपापल्या बोर्डाच्या, हा शब्द ऐका. सीबीएसईच्या मुलांचे गुण पाहून आपण त्यात बसत नाही असं परस्पर ठरवू नका, राज्य मंडळाची रेषा वेगळी लागते. अर्जाआधी त्या वर्षीची सूचना मात्र स्वतः वाचा.

आता सात वाजत आले. ज्यांनी स्कोअरकार्ड आणि बारावीची गुणपत्रिका आणली आहे त्यांनी थांबा. मी या टेबलापाशी बसतोय, वही आहे, एकेकाचं बघू. नंबर चांगला लागलेल्यांनी जरा मागे थांबावं. ज्यांचं अजून काहीच ठरलेलं नाही, त्यांनी आधी पुढे या. आईवडिलांनाही बरोबर आणा, खुर्च्या आहेत.