काजळीचे राखाडी

श्रोतेहो, नमस्कार.

रंगीत इंकजेट प्रिंटरवर कृष्णधवल छायाचित्र छापून पाहिलंय कधी? दिवसा ते ठीक दिसतं. तेच दिव्याखाली धरलं की सावल्या हिरवट होतात, नाहीतर गालांवर गुलाबी झाक चढते. त्यातला राखाडी रंग निळी, किरमिजी आणि पिवळी शाई शेजारी शेजारी शिंपडून भासवलेला असतो. उजेड बदलला की तिघींचा तोल ढळतो. पुढे त्या फिक्या पडतात, त्याही वेगवेगळ्या वेगाने.

मग नुसत्या काळ्या शाईने छापावं? छापता येतं, पण उजळ आकाशात मिरपूड सांडल्यासारखे ठिपके दिसतात. म्हणून हौशी मंडळींनी वेगळी वाट काढली. एकच काळी शाई घ्यायची, ती कमी-अधिक पातळ करायची आणि रंगीत कार्ट्रिजच्या जागी हे राखाडी भरायचे. ठिपका फिका झाला की डोळ्याला तो वेगळा दिसत नाही. छायाचित्रकार पॉल रोअर्क यांनी अशा मिश्रणांची प्रमाणं सर्वांसाठी खुली केली आहेत.

काळी शाई मात्र कार्बनची, म्हणजे काजळीच्या बारीक कणांचीच हवी. रंगद्रव्य विरघळलेली डाय शाई इथे चालत नाही. कार्बनवर उजेडाचा जवळजवळ परिणाम होत नाही. चांदीच्या क्षारांपासून बनवलेली छायाचित्रं विटत, तेव्हा जोसेफ स्वान यांनी १८६४ मध्ये कार्बन छपाईच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, तेही याच गुणावर विसंबून.

पातळ करायचं कशाने, यात खरी मेख आहे. नुसतं पाणी घातलं तर ते नोझलच्या, म्हणजे शाई उडवणाऱ्या बारीक छिद्राच्या तोंडाशी सुकतं आणि नोझल बुजतं. म्हणून शंभर भागांत साधारण दहा भाग ग्लिसरीन, बाकी डिस्टिल्ड वॉटर, आणि फोटो-फ्लोसारखं ओलावा पसरवणारं द्रव्य अगदी थोडं. हो, तेच फोटो-फ्लो, जे डार्करूममध्ये फिल्मवर पाण्याचे डाग राहू नयेत म्हणून वापरायचे! ते जास्त झालं तर शाई कागदात फुटते. या मिश्रणाला बेस म्हणू. १०० मिलिलिटर राखाडी हवा असेल तर ३० मिलि काळी आणि ७० मिलि बेस. पुढचा फिका हवा तर ९ आणि ९१.

नळाचं पाणी कटाक्षाने टाळा. कार्बनचे कण एकमेकांना दूर ढकलतात म्हणूनच शाईत तरंगत राहतात. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार ही ढकलाढकल थांबवतात; कण गोळा होऊन तळाशी बसतात. दोन कंपन्यांच्या शाया एकत्र करायच्या असतील तर आधी काचेच्या बाटलीत थोड्या मिसळून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी गाळ दिसला तर ते मिश्रण फेकून द्या. आणि भरण्याआधी बाटली जोरात हलवू नका, फेस होतो.

पातळ कार्बन कागदावर तपकिरी, उबदार दिसतो. काहींना तो थंड, तटस्थ हवा असतो, म्हणून ते निळं पिगमेंट, म्हणजे न विरघळणारे निळे रंगकण घालतात. थोडं घालायला हरकत नाही. पण जितका रंग वाढवाल तितका टिकाऊपणा कमी, आणि मघाचा उजेडाचा घोटाळाही मागच्या दाराने परत येतो. माझं मत विचाराल तर तपकिरी झाक राहू द्या. कागद बदलूनही ती बरीच बदलते. कागद मॅट घ्या, कारण पातळ केलेल्या शाईत कण धरून ठेवणारं राळ उरत नाही आणि चकचकीत कागदावरून ती बोटाने पुसली जाते.

प्रिंटर पिझो हेडचा, म्हणजे शाई न तापवता दाबाने उडवणारा घ्या. शाई तापवून उडवणाऱ्या हेडशी घरगुती मिश्रणाचं जमेलच असं नाही. आणि प्रिंटर चालवणाऱ्या संगणकातल्या नेहमीच्या प्रोग्रॅमला, म्हणजे ड्रायव्हरला, निळ्याच्या जागी राखाडी बसलाय हे कळत नाही. क्वाडटोनरिपसारखा प्रोग्रॅम लागतो, जो प्रत्येक शाईची मात्रा स्वतंत्र ठरवू देतो.

पहिलं काम छायाचित्राचं नकोच. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ पायऱ्यांची पट्टी छापा, एक दिवस वाळू द्या, मगच पायऱ्यांचा गडदपणा मोजा. ओल्या शाईचा रंग फसवा असतो. त्याच पट्टीची दुसरी प्रत अर्धी झाकून उन्हाच्या खिडकीत लावा आणि शेजारी रंगीत शाईची पट्टी ठेवा. काही महिन्यांनी झाकण काढून दोन्ही पाहा.

नमस्कार.