काचेच्या पेटीतले तुषार

[दृश्य: कड्यावरून कोसळणारं पाणी, अगदी जवळून]

आंबोलीच्या धबधब्याच्या पायऱ्या भर पावसाळ्यात चढलेला माणूस धारेखाली न जाताही भिजून परततो. तुषारच तेवढे असतात. टांझानियात, उडझुंग्वा डोंगररांगेतल्या किहान्सी नदीच्या घळीत असे तुषार बारा महिने उडायचे. त्यांच्यावर शेवाळाची आणि गवताची एक पाणथळ तगून होती. सगळी मिळून जेमतेम दोन हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबात पाच एकर. जगात दुसरीकडे कुठेही न सापडलेला एक भेक त्या पाच एकरांत राहत होता.

भेक म्हटलं की अंगणातल्या दिव्याखाली किडे टिपत बसलेला थोराड, खरखरीत बेडूक आठवतो. हा त्याच्या गोतावळ्यातला आहे, हे पाहून पटत नाही. नर दोन सेंटिमीटरही भरत नाही, रुपयाच्या नाण्यावर मावतो. रंग मळकट हळदीचा, कडेने तपकिरी पट्टा. बाहेरून कान दिसतच नाहीत. मादी पाण्यात अंडी घालत नाही, त्यामुळे बेडूकमाशांचा प्रश्नच नाही. पिल्लं पोटातच वाढतात आणि चार पाय घेऊन जन्माला येतात, तांदळाच्या दाण्यापेक्षाही आखूड. पोटाची कातडी इतकी पातळ, की गाभण मादी काचेवर चढली की खालून तिची पिल्लं दिसतात.

[दृश्य: काचेला चिकटलेली मादी, खालून. निवेदन इथे दहा सेकंद थांबेल.]

शास्त्रज्ञांना हा प्राणी पहिल्यांदा दिसला 1996 साली, तोही धरण प्रकल्पाच्या पर्यावरणीय पाहणीत. ओळख झाली तीच अशा वेळी. धरण उगाच बांधलं नव्हतं, हेही सांगायला हवं. 180 मेगावॅट वीज ही टांझानियाची गरज होती, चैन नव्हे. पण 2000 साली नदीचं सुमारे नव्वद टक्के पाणी टर्बाइनकडे वळलं, धबधबा रोडावला आणि तुषार विरले.

त्याच वर्षाच्या अखेरीस 499 भेक विमानाने न्यूयॉर्कला गेले, ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात. तिथून काही इतर संग्रहालयांत वाटले गेले. त्यांना सांभाळायचं कसं, हे कुणीच आधी केलेलं नव्हतं.

पाणी फवारणं त्यातल्या त्यात सोपं. पेटीच्या झाकणाला बारीक तोंडांच्या नळ्या, ठरल्या वेळी सुटणारे फवारे, खाली शेवाळ आणि रोपं. पण नळाचं पाणी तसंच देता येत नाही. आधी ते गाळून शुद्ध करायचं आणि मग त्यात आवश्यक क्षार मोजून परत मिसळायचे. डोक्यावर अतिनील किरणांचा दिवा हवा. आणि खाणं? एवढ्याशा तोंडात काय मावणार! स्प्रिंगटेल नावाचे कणभर कीटक, फळमाश्या, रातकिड्यांची नुकती जन्मलेली पिल्लं. म्हणजे भेक पाळायचे तर आधी त्यांच्या जेवणाची पैदास करायची, आणि खायला देण्यापूर्वी त्या किड्यांवर कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची पूड भुरभुरायची. तळलेल्या पापडावर तिखट भुरभुरावं तशी.

एवढं करूनही भेक मरत राहिले. फुफ्फुसांत जंत निघाले, आहारातल्या उणिवा उघड झाल्या. 499 वरून आकडा सत्तरच्या आसपास आला. एकेक संग्रहालय गळत गेलं. उरली दोन: ब्राँक्स आणि ओहायोतलं टोलीडो.

[दृश्य: घळीतले पाइप, शेवाळावर पडणारे कृत्रिम तुषार]

तिकडे घळीतही हाच उद्योग चालू होता. 2001 मध्ये कड्यावर पाइप टाकून उताराच्या पाण्यावर चालणारे फवारे बसवले. भेक पुन्हा वाढले. जून 2003 मध्ये तर त्यांची संख्या वीस हजारांच्या घरात असल्याचा अंदाज होता. काही आठवड्यांतच ते दिसेनासे झाले. मेलेल्या भेकांच्या कातडीत कायट्रिड सापडली, बेडकांचा जीव घेणारी बुरशी. जानेवारी 2004 मध्ये शोधणाऱ्यांच्या नजरेस पडले अवघे तीन. खऱ्या जंगलापेक्षा काचेच्या पेट्यांत जास्त भेक होते, आणि तेही शंभराच्या आत. 2009 साली ही जात निसर्गातून नामशेष झाल्याची नोंद झाली.

पेट्यांत मात्र जम बसला होता. टोलीडोत पिल्लं होऊ लागली, शेकड्यांनी, मग हजारांनी. 2010 मध्ये शंभर भेक मायदेशी परतले, दार-ए-सलाम विद्यापीठात खास उभारलेल्या खोलीत. बुरशी आत येऊ नये म्हणून अशा खोल्यांत शिरताना पायातलं बदलावं लागतं, हातमोजे चढवावे लागतात. डिसेंबर 2012 मध्ये सुमारे दोन हजार भेक किहान्सीच्या घळीत सोडले गेले, आणि पुढेही खेपा होत राहिल्या.

[दृश्य: घळ. फवाऱ्याच्या तोंडावर कॅमेरा स्थिर.]

ज्या घळीत ते परतले, तिथेही आता नळ्याच आहेत. फवारे बंद पडले की खालचं शेवाळ सुकू लागतं. पेटी फक्त मोठी झाली आहे, पाच एकरांची, आणि तिला झाकण नाही. बुरशी तिथून गेलेली नाही.

[दृश्य: शेवाळावर एक पिवळा ठिपका. तुषार पडतात. तो जागचा हलत नाही.]