गुच्छी उभी चिरा, मगच कढईत टाका

नमस्कार मंडळी! थंडी पडली की मनाली-काश्मीर फिरून आलेल्यांच्या पिशवीतून सुकी गुच्छी निघते आणि कमेंटमध्ये एकच प्रश्न येतो, "हिचं करायचं काय?" आज चार जणांचा पुलाव करू.

गुच्छी म्हणजे हिमालयातली रानअळंबी. बर्फ वितळल्यावर, साधारण मार्च ते मे, उगवते. लोक जंगलात फिरून एकेक वेचतात, म्हणून किलोचा भाव हजारांत. आपल्याला लागेल फक्त २५ ग्रॅम. दोऱ्यात ओवलेली असेल तर दोरा आधी काढा.

तीन कप कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. उकळतं पाणी नको, बाहेरून लिबलिबीत होते आणि आत चिवट राहते. रात्रभरही नको, सगळा वास पाण्यात उतरतो. मग हाताने अलगद वर उचला. भांडं चाळणीत उपडं केलंत तर तळाची माती परत गुच्छीवरच बसते.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक गुच्छी देठापासून टोकापर्यंत उभी चिरायची. प्रत्येक! "अख्खी छान दिसते", "हॉटेलात भरलेली मिळते" अशा कमेंट दरवेळी येतात. दिसते छान, मान्य. पण ती आतून पोकळ असते आणि त्या पोकळीत वाळू असते, कधी वाळलेले किडेही. वरून दहा पाणी धुतलं तरी आतलं निघत नाही. चिरलीत की वाहत्या पाण्याखाली दोनदा धुऊन भागतं.

दुसरं, शिजणं. गुच्छी कच्ची किंवा अर्धकच्ची खायची नसतेच. २०२३ मध्ये अमेरिकेत, मोंटानातल्या बोझमनमध्ये, कच्ची आणि अर्धवट शिजलेली गुच्छी खाऊन ५१ जण आजारी पडले, दोघे दगावले. चिरलेली गुच्छी दोन्ही बाजूंनी नीट शिजते.

आणि तिसरं, चिरल्यावरच कळतं ती गुच्छी आहे की नाही. खरी गुच्छी टोकापासून देठापर्यंत एकच सलग पोकळी. आत कापसासारखा गर किंवा वेडेवाकडे कप्पे दिसले तर ती दुसरीच अळंबी. फेकून द्या, शिजवून बघू नका. मात्र एवढ्यावरून रानात जाऊन वेचायला लागू नका. ओळख पटवणं हे तिथल्या जाणत्यांचं काम.

भिजवलेलं पाणी दहा मिनिटं स्थिर ठेवा, मलमलच्या कापडातून गाळा, तळाचे तीन-चार चमचे सोडून द्या.

जाड बुडाच्या भांड्यात तीन मोठे चमचे तूप, तमालपत्र, चार वेलदोडे, दालचिनीचा तुकडा, सहा मिरी. एक कांदा गुलाबी करा. गुच्छी घालून मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं परता, तिच्यातलं पाणी आटलं पाहिजे. मग अर्धा कप गाळलेलं पाणी घालून झाकणाखाली दहा मिनिटं शिजवा. दीड कप बासमती वीस मिनिटं भिजवून निथळलेला, सोबत मूठभर मटार आणि मीठ. उरलेलं गाळलेलं पाणी सव्वादोन कप भरेल इतपत गरम पाण्याने वाढवून ओता. उकळी आली की मंद आच, झाकण, बारा मिनिटं. आच बंद केल्यावर दहा मिनिटं उघडू नका. गरम मसाला अजिबात नको, ज्या वासासाठी एवढे पैसे मोजले तोच मरतो.

"पौष्टिक किती?" गुच्छीत प्रथिनं आहेत, लोह आहे, पण माणशी जेमतेम सहा ग्रॅम येते. म्हणून प्रथिनांसाठी मटार, सोबत दही घ्या. पहिल्यांदा खाणाऱ्याने थोडीच खावी.

गोव्याहून विचारतात, "आमची पावसाळ्यातली ओळमी, म्हणजे रानअळंबी, अशीच करायची का?" ताज्या ओळमीला भिजवणं लागत नाही. माती खरवडून, धुऊन, नीट शिजवायची. आणि गुच्छीचे उरलेले बारीक तुकडे फेकून देऊ नका, धुऊन तुपात परता आणि मसूरडाळ शिजायला ठेवतानाच त्यात घाला.