‘मला तसं म्हणायचं नव्हतं’

मित्रहो, शब्दावरून होणारी भांडणं बहुतेक एकाच वळणानं जातात. कुणीतरी काही बोलतं, समोरच्याला ते लागतं, तो तसं सांगतो. लगेच उत्तर येतं, ‘मला तसं म्हणायचं नव्हतं.’ तिथून पुढे शब्द राहतो बाजूला आणि बोलणारा माणूस चांगला की वाईट, यावर वाद पेटतो. मला आज बोलायचं आहे ते याबद्दल.

ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत बोलण्याचे तीन पदर वेगळे करून दाखवले: आपण शब्द उच्चारतो, त्या शब्दांनी काही करतो, म्हणजे ताकीद देतो, वचन देतो, आणि ऐकणाऱ्यावर त्याचा काही परिणाम होतो. हा तिसरा पदर बोलणाऱ्याच्या पूर्ण ताब्यात कधीच नसतो. म्हणून ‘हेतू वाईट नव्हता’ हे शंभर टक्के खरं असलं, तरी ‘मला लागलं’ हे त्यानं खोटं ठरत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

वैद्यकातलं एक उदाहरण घ्या. आज ज्याला आपण डाउन सिंड्रोम म्हणतो, त्या जन्मजात स्थितीचं वर्णन ब्रिटिश डॉक्टर जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६ साली केलं आणि चेहऱ्याच्या ठेवणीवरून त्याला मंगोल वंशाचं नाव जोडलं. पुढे कित्येक दशकं डॉक्टर तो शब्द केस पेपरवर सहज लिहीत राहिले. त्यातल्या बहुतेकांच्या मनात कुणाला हिणवायचं नसणार. १९६१ मध्ये काही शास्त्रज्ञांनी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून हे नाव बदलावं असं सुचवलं, आणि १९६५ मध्ये मंगोलियाच्या विनंतीनंतर जागतिक आरोग्य संघटनेनं ते वापरणं थांबवलं. आधीच्या पिढीतल्या डॉक्टरांना त्यासाठी दुष्ट ठरवावं लागलं नाही. शब्द चुकीचा होता, तो सोडला, एवढंच.

घरात, ऑफिसात मात्र आपल्याला हे जमत नाही. मीटिंगमध्ये एखादी सहकारी शांतपणे म्हणते, ‘हा शब्द नको, माझ्या भावाला शाळेत याच शब्दानं चिडवायचे.’ उत्तर काय येतं? ‘अगं, मी तुझ्या भावाला कुठे म्हणालो? तू फार मनाला लावून घेतेस.’ तिनं एका शब्दाबद्दल सांगितलं होतं; आता तिला स्वतःच्या स्वभावाचं समर्थन करत बसावं लागतं. हा मला सरळ अन्याय वाटतो.

आणि इथं हेतूचा मुद्दा उलटतो. पहिल्या वेळी त्याला माहीत नव्हतं, मान्य. पण पुढच्या आठवड्यात तोच शब्द तिच्यादेखत पुन्हा आला, तर ‘हेतू नव्हता’ ही ढाल चालणार नाही. आता त्याला माहीत आहे. माहीत असून केलेल्या गोष्टीत हेतूचा अंश येतोच.

‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर माफी मागतो’ हे वाक्यही जरा निरखून बघा. ज्याच्या भावना दुखावल्या तो समोर उभा आहे, त्यानं ते तोंडानं सांगितलं आहे; मग ‘असतील तर’ कशाला? त्या दोन शब्दांनी माफी मागणारा त्याचं सांगणं पुन्हा संशयात ढकलतो.

आता ऐकणाऱ्यांसाठी. लागलेला प्रत्येक शब्द मुद्दाम मारलेला नसतो, आणि पहिल्याच वाक्यात ‘तुमची मानसिकताच तशी’ म्हटलं, की समोरचा शब्द सोडून अब्रू वाचवायला धावतो. चारचौघांत सांगितलं तर आणखीच. तेव्हा शक्य असेल तिथं बाजूला घेऊन सांगावं: कोणता शब्द, का लागला, त्याऐवजी काय म्हणता येईल. मात्र कुणी सगळ्यांसमोर मुद्दाम दुबळ्या माणसाला टोचत असेल, तर तिथं बाजूला नेण्याची वाट बघू नये. तिथंच, सगळ्यांसमोर थांबवावं.